सीतादहीच्या दिवशी नऊ ताटं

ये वं पोरी, जवळ ये. तो फोन ठेव बाजूले अन् हे कागद हातात धर. असं समज का मोठ्याई समोर बसली हाय अन् तू माह्या टोंगळ्याले टोंगळा लावून बसली हाय. आता आधी बोलणे खाय. दोन दिवाळ्या झाल्या, तू या उंबऱ्यावर पाय नाई ठेवला. दवाखान्यातली नोकरी हाय, पिपरीहून सावंगी अन् सावंगीहून पिपरी, मानलं. पण तो व्हिडिओ पाहाले बरी सवड भेटली! पाह्यला अन् वरून मले फोनवर पुसते, "मोठ्याई, हे खरंच तूच हायस का वं?"

मीच हाय. दुसरी कोण राहीन? तेच लुगडं, चष्म्याच्या दांडीले तोच दोरा, अन् हातात खिचडी हलवायचा लोखंडी सराटा. अन् ज्याच्या डोक्श्यातून रक्त वाहून राह्यलं, तो तुह्या लहान काका. माह्या सख्खा दीर. त्याच्याखाली कोणीतरी लिहिलं, "म्हातारीचा कहर". अजून खूप काय काय लिहिलं लोकायनं, सारं वाचलं मी. हो, वाचता येते मले. तू इसरली असशीन.

पाऊण मिनिटाचा व्हिडिओ तो. त्यात फक्त सराटा खाली येतानी दिसते. तो वर काऊन गेला, ते पाऊण मिनिटात नाई मावत.

आपली शाळा तुले आठवते ना? दोन खोल्या, समोर कडुलिंब, बाजूले टिनाचं स्वयंपाकघर. मी तिथं खिचडी रांधाले लागली तवा तू तिसरीत होती. चुलीपाशी बसलं का खिडकीतून सरळ फळा दिसे. गुरुजी फळ्यावर "क" काढत, मी सराट्यानं गंजातल्या खिचडीवर "क" काढे. तुम्ही पोट्टे दात काढत. एक दिवस मी सारं "कमळ" वाचलं, तोंडातल्या तोंडात, तिकडे फळ्यावर डोळे लावून, अन् इकडे खिचडी खाली लागली. साऱ्या शाळेनं त्या दिवशी करपट खाल्लं. म्हटलं, खा रे, माह्यं पहिलं वाचन हाय हे. असं करत करत चार-पाच वर्षांत मी माह्यं नाव लिहाले लागली, अंगठ्याची शाई सुटली. बँकेत, रेशनवर, जिथं तिथं मी सही करे. एकदा तर बसच्या कंडक्टरले म्हटलं, "सही पायजे का?" तो हसला.

अन् तुह्या काका. मी लग्न होऊन आली तवा तो पाच वर्षांचा होता. सासू वावरात, मी घरी. त्याच्या डोक्श्याले तेल मी लावे, पाटी मी पुसून देई, अन् रडला तर हाताले धरून याच शाळेच्या पायरीवर नेऊन बसवे. हे तुले काऊन सांगते, ते समोर येईन.

आता त्याची वॅन हाय. तालुक्याच्या गावी इंग्रजी कॉन्व्हेंट निघालं, तिथं पोट्टे नेते-आणते; गावची शाळा बंद झाली का त्याची वॅन भरते. वाईट नाई म्हणत मी. पण त्या वॅनीत पाह्यजो एकदा डोकावून, कोण बसते? एका घरी दोन लेकरं असले तर पोट्टं वॅनीत अन् पोट्टी वावरात. शाळेत राह्यल्या त्या पोरी, अन् ज्याईचं कोणी नाई ते.

त्यात माह्यी नात. लेकीची लेक, तिसरीत. तिच्या मायले आम्ही चौथीनंतर घरी बसवलं होतं. पुढची शाळा नाल्यापल्याड, नाल्याले पूर, अन् एक पोरगी वाहता वाहता वाचली होती. "बस झालं शिकणं," असं म्हणणारी मीच होती, दुसरं कोणी नाई. आता ती लेक जावयासंगं वीटभट्टीवर राबते, अन् तिचं लेकरू माह्यापाशी. वीसाखाली लेकरं दिसले का सरकार शाळा बंद करते, अन् आपली बंद झाली तर जवळची शाळा मोठ्या रोडच्या पल्याड. त्या रोडवर पारसाल ट्रकनं म्हैस उडवली, तर तिचं शिंग आमच्या वावराच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या बोरीखाली सापडलं, एवढ्या दुरून. त्या रोडवरून आठ वर्षांची पोरगी रोज दोनदा पार होईन? नाई होत. मग तीही घरी बसते. मायसारखी.

आता ऐक, चूक कुठं झाली ते. चूक माह्यी हाय.

कापसाची पहिली वेचणी असते त्या दिवशी वावरात सीतादही करतात, तुले माहीत हाय. धुऱ्याजवळ दगड मांडायचे, हळद-कुंकू, पऱ्हाटीच्या झाडाले दहीभात दाखवायचा, अन् उरलेलं दही तासातासानं, ओळीओळीतून शिंपडत जायचं, का कापूस असाच दह्यावानी पांढरा फुटो. आपल्या बौद्ध घरी पूजा नाई, पण वेचाले तर आपणच जातो, अन् दहीभात कोण्या लेकरानं सोडला सांग? पारसाल कापूस एकदमच फुटला. तीन-चार मोठ्या वावरांत एकाच दिवशी सीतादही. गावातल्या साऱ्या बाया वेचाले, अन् मायच्या पदराले धरून लेकरं दहीभात खाले. पटावर एकवीस, शाळेत आले नऊ. दरसाल असंच असते, कोणाले काई वाटत नाई त्याचं.

मॅडम त्या दिवशी मीटिंगले गेलती, अन् शाळेत शिकवाले तिच्याशिवाय दुसरं कोणी नाई. मी नऊ लेकरायले घेऊन पाढे म्हणवून घेत होती, अन् जीप आली. एक साहेब उतरला. तरुण, गोरागोमटा, गोड बोलणारा, इकडचा नाई, दूरच्या मुलखातला.

"मावशी, आज किती ताटं वाढली?"

"नऊ," म्हटलं.

"ही नोंद कोण ठेवतं?"

अवं पोरी, आजवर कोण्या साहेबानं मले असं इचारलं नव्हतं. मी छाती काढून म्हटलं, "मीच. मॅडम नसली का मीच लिहिते."

"मग लिहा बरं इथं."

मी लिहिलं. नऊ. आकड्यात लिहिलं, अक्षरात लिहिलं. खाली सही केली, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, एक काना नाई चुकला. साहेब म्हणे, "वा मावशी, छान अक्षर आहे!" मी त्याले पाणी देल्लं, गूळ देल्ला. सीतादही हाय, बाकी बारा लेकरं वावरात हायत, हे माह्या तोंडून निघालंच नाई. त्यानं इचारलं नाई, मी सांगितलं नाई. मी त्या अक्षरातच गुंग होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर आदेश आला. शाळा बंद, लेकरं रोडपल्याडच्या शाळेत. विहारापुढच्या पटांगणात सारं गाव जमलं. आदेश वाचाले कोण उभा राह्यला? तुह्या काका. घसा खाकरून वाचला अन् शेवटचा कागद असा उंच धरला.

"ऐका रे! प्रत्यक्ष उपस्थिती नऊ. आहार घेतलेले विद्यार्थी नऊ. अन् खाली सही कोणाची? आमच्या वैनीची! झकास अक्षर, पाहून घ्या सारे!"

मले काई समजाच्या आत एक चप्पल येऊन गालावर बसली. दोन पोरींची माय हाय ना, खालच्या आळीतली, तिची चप्पल. तिच्या दोन्ही पोरी याच शाळेत. ती चप्पल फेकून थांबली नाई, येऊन माह्यी वेणीच धरली.

"काऊन वं म्हातारे! साहेबाचे पाय चाटाले गेलती का? माह्या पोरी कुठं घालू आता, तुह्या चुलीत?"

मी हात नाई उचलला. माह्या कानाची बुगडी तुटून मातीत पडली, ओठ फुटला, तोंडात खारट चव आली. मी म्हटलं, "मार. अजून मार. पण मारून झालं का माह्यासंगं चाल."

"कुठं?"

"समुद्रपूरले. साहेबाकडे. त्या दिवशी सीतादही होती, हे सांगाले."

तिनं वेणी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत आम्ही दोघी एकाच सीटवर बसून गेलो. माह्या गालावर तिच्या चपलेचे वळ होते, अन् ती मले वाटेत शेंगा सोलून देऊन राह्यली होती, काऊन का मले दातानं फोडता येत नव्हत्या.

साहेबानं मले वळखलं. अर्ज वाचला, माह्याच अक्षरातला. मग इचारते, "सीतादही? हा शासकीय सुटीचा दिवस आहे का?"

"नाई जी. पण साऱ्या गावाचा दिवस हाय."

"मावशी, असं कारण नोंदवहीत बसत नाही. आणि सही तर तुमचीच आहे ना?"

माह्यीच होती.

तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी चपराशानं आमाले दारातूनच हाकललं, दोन पोरींच्या मायनं त्याची टोपी काढून भिरकावली, अन् त्यानं आमाले पायऱ्यांवरून ढकलत ढकलत खाली आणलं. माह्या टोंगळ्याची वाटी तवापासून दुखते.

शाळा उघडाच्या दिवशी आम्ही ठरवलं का आदेश गेला चुलीत. लेकरं पाठवले, पोरी-पोट्टे धरून एकवीसच्या एकवीस. मॅडम नोकरीचं माणूस, ती काय करणार? ती म्हणे, "मला कागद येईपर्यंत मी शिकवते." मी चूल पेटवली. घरचेच तांदूळ, घरचीच डाळ, ज्यानं त्यानं आणलेली. असे दहा-बारा दिवस गेले.

मग तो दिवस आला. प्रार्थना झाली होती, खिचडीले उकळी आली होती. एक टेम्पो अन् मागून तुह्या काकाची वॅन. शाळेचं सामान नेण्याचा कागद त्याच्या हाती, अन् संगं पाच-सहा जण, हाती बंडीच्या लाकडी उभाऱ्या घेऊन. दुरून पाह्यलं तरी समजत होतं का हे नुसतं सामान भराले नाई आले. दोन पोरींच्या मायनं थाळी वाजवली. वावराकडे निघालेल्या बाया तशाच वळल्या, कोणाच्या हातात इळा, कोणाच्या हातात खुरपं. फाटकात आडव्या बसल्या.

"उठा वं बायांनो," तुह्या काका म्हणे. "सरकारी काम हाय."

"तुह्या वॅनीत सरकार बसून आलं का रे?" पाठीमागून एक जण बोलली, अन् बाया हसल्या.

हसल्या ते त्याले झोंबलं. त्यानं पहिली जी हाती लागली तिचे केस धरून तिले फाटकातून वढली, पऱ्हाटीची वाळली काडी उपटतात तशी. तिच्या पाठीवर उभारी पडली, तो आवाज मी चुलीपासून ऐकला. मग काय, गोटे चालू झाले. टेम्पोचा काच फुटला. ड्रायव्हरनं दोन पोरींच्या मायचा गळा धरला, तर तिनं त्याच्या मनगटाले असा चावा घेतला का तो बैलावानी बोंबलला. तिचं तोंड लाल झालं होतं, अन् ते तिचं रक्त नव्हतं.

तेवढ्या गर्दीतून तुह्या काका वर्गात घुसला. लेकरं पळाले नाई, पोरी. कोणी शिकवलं त्याईले, ठाऊक नाई, पण साऱ्यायनं आपापले बेंच दोन्ही हातांनी धरून ठेवले होते अन् डोळे मिटून पाढे म्हणून राह्यले होते. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. त्यानं पहिलाच बेंच उचलला, त्यावर माह्यी नात लटकली होती. त्यानं बेंच झटकला. ती उडून फळ्याच्या खालच्या कट्ट्यावर आपटली. कपाळ फुटलं. पांढऱ्या गणवेशावर रक्त असं उतरलं का मी खिडकीतून पाह्यलं तर मले आधी लाल शाईच वाटली.

त्यानं पाह्यलं तिले. पाह्यलं, पोरी, मी शपथ घेऊन सांगते. अन् म्हणे, "हटवा ही कार्टी."

माह्या हातात सराटा होता, उकळत्या खिचडीतून काढलेला. मी कशी चुलीपासून वर्गात गेली ते मले आठवत नाई. पहिला मारला तो खांद्यावर. तो व्हिडिओत नाई. तो वळला, मले पाहून हसला अन् म्हणे, "वैनी, घरी जाय, तुह्यं काम झालं. सही केली ना?"

दुसरा डोक्श्यावर मारला. भोवऱ्याच्या जागी, जिथं मी तेल जिरवत होती. हाड लागलं हाताले. तो टोंगळ्यावर बसला, अन् मी तिसऱ्यांदा हात उचलला. खरं सांगते तुले, दुसरं कोणाले नाई सांगितलं, तो तिसरा बसला असता तर तो मेला असता, अन् मले तेच पायजे होतं. माह्या मनात दया नव्हती, पाच वर्षांचं पोट्टं नव्हतं, काईच नव्हतं. मॅडमनं मागून माह्या कंबरेले मिठी घातली अन् तिच्यासकट मी पडली.

बाहेर त्याच्या माणसायनं गंजाले लाथ मारली. एकवीस लेकरायची खिचडी मातीत. मले उठवून बाहेर वढलं तर माह्या पाय त्यातच पडला. पायाची साल निघाली, मोजा काढावा तशी. अजून काळा डाग हाय, दाखवीन तुले.

पोलीस आले. मले, दोन पोरींच्या मायले अन् टेम्पोवाल्याले ठाण्यात नेलं. नातीच्या कपाळाले चार टाके, तुह्या काकाले सात. एकाच गाडीत गेले दोघं दवाखान्यात, काय म्हणावं.

ठाण्यात एका पोलिसानं माह्या जबानीचा कागद लिहून समोर ठेवला अन् शाईची डबी उघडली. "लावा अंगठा आजी."

"सही करते मी."

"बरं, करा सही."

मी पेन धरलं, अन् पोरी, माह्या हात थांबला. जो हात त्या दिवशी साहेबापुढे नाई थांबला, तो आता थांबला. म्हटलं, "आधी वाचते."

"वाचता येतं?"

"येते. साऱ्या शाळेची खिचडी करपवून शिकली."

वाचलं. लिहिलं होतं, जुन्या घरगुती वादावरून, जीवे मारण्याच्या इराद्यानं, असं असं. शाळेचं नाव नाई. नातीचं कपाळ नाई. वेणी धरून वढलेली बाई नाई. मी पेन खाली ठेवलं.

"मारलं, ते खरं हाय," म्हटलं. "जीव घ्यायचा होता, तेही खरं असीन, लिहा. पण घरगुती वाद नव्हता. हे अर्धं हाय. अर्ध्या कागदावर एकदा सही केली मी, त्याच्यातूनच हे सारं झालं. मले कोरा कागद द्या."

तो चिडला. टेबलावर काठी आपटली, "म्हातारे, रात्रभर बसशील इथं!" मी म्हटलं, बसते. दोन पोरींची माय म्हणे, मीही बसते, अन् खाली मांडी घालूनच बसली. दोन तासांनी मोठ्या साहेबानं कागद देल्ला. तीन पानं लिहिले मी. सीतादहीपासून लिहिलं. नऊ ताटं काऊन वाढली, बारा लेकरं कोणाच्या वावरात होते, साहेब काय बोलला, मी काय नाई बोलली. मारलं तेही लिहिलं, दोन, अन् तिसऱ्यासाठी हात उचलला तेही. वकील म्हणे, ते लिहाले नको होतं. असो. मग खाली सही केली. या वेळी अक्षर काई चांगलं नाई आलं.

ते तीन पानं वर गेले का व्हिडिओ पाहून कोणी हललं, ते मले ठाऊक नाई. पण शाळेच्या दारावर नवा कागद लागला. आदेश सध्या थांबवला हाय. वेचणीच्या दिवसांत वरून लोक येतीन अन् लेकरं पुन्हा मोजतीन. जो आकडा भरीन तो शेवटचा.

तेवढ्यानं संपलं असं समजू नको. परवा भर दुपारी माह्या पऱ्हाटीच्या काड्याचा ढीग कोणीतरी पेटवला, घराच्या भिंतीपर्यंत जाळ आलता. दोन पोरींच्या मायच्या दारात मेलेला साप टाकला. गावात निरोप फिरते का मोजणीच्या दिवशी जो लेकरू शाळेत पाठवीन त्याचे पाय मोडू. अन् तुह्या काका तर मी ठाण्यातून सुटून आली त्या आठवड्यातच मले हातपंपावर भेटलता, डोक्श्याले पट्टी, डोळे लाल.

"वैनी, तुह्या हाताचे बोटं तोडून टाकीन. मग पाह्यतो कशी लिहिते."

मी आधी बकेट भरून घेतली. मग म्हटलं, "तोडजो. पण टाके असेतोवर डोक्श्याले खोबरेल नको लावू, पू होईन."

तो थुंकला अन् निघून गेला. पट्टी बदलायची झाली होती त्याची, मागून पिवळी दिसत होती.

आता गावानं एक ठरवलं हाय, अन् त्याच्यासाठीच हे एवढं लिहून राह्यली. या साली सीतादही ज्याच्या त्याच्या वावरात नाई. पहिलं दही शाळेच्या आवारात येईन, कडुलिंबाखाली, अन् लेकरायनं दहीभात तिथंच खायचा. मोठ्या वावरवाल्यायनंही मान हलवली, एकदोघं सोडून. मग येऊ दे ज्याले मोजाले यायचं त्याले, कोणत्याही दिवशी.

फाटकात बसाले बाया पायजे, पोरी. जेवढ्या जास्त तेवढ्या बऱ्या. तू याच शाळेतली, अन् तुले टाके घालता येतात, पट्टी करता येते, या वेळीही लागणारच. एका पेटीत मलमपट्टी भरून आण, अन् कापूस नको आणू, तो इथं लय हाय. नात रोज रस्त्याकडे पाहून पुसते, दवाखान्यातली मावशी कवा येते. कापूस या आठवड्यात फुटला. सुटी भेटली नाई, बस चुकली, मले काई सांगू नको. या वेळी व्हिडिओ नको पाहू, तूच येजो. लवकर येजो.